सुतारमिस्तरीचं राहतं घर कसं बघावं

छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय अशी दोन नावं कोरलेली आहेत. पहिल्याने आराखडा केला, दुसऱ्याने काम उभं केलं. आता आपल्या गावातल्या वाड्यांकडे या. गणेशपट्टीवर, म्हणजे दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर, शक असतो, कधी मालकाचं नाव असतं, गणपती तर असतोच. पण ज्याने खणांचा हिशेब केला, तुळया बसवल्या, जिना कुठून काढायचा ते ठरवलं, त्या मिस्तरीचं नाव कुठंच नसतं. तो माणूस कसा होता हे कळायला एक मोठा पुरावा उरतो, तो म्हणजे त्याचं स्वतःचं राहतं घर. बहुतेक जुन्या गावांत असं एखादं असतं. सुतारगल्लीत, अर्धं पडलेलं, पुढं बाभळीचं झाड.

माझे पंजोबा असे मिस्तरी होते. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचं घर अजून अर्धंमुर्धं उभं आहे. मी लातूरला ड्राफ्ट्समनच्या पोरापोरींना ड्रॉइंग शिकवते. उन्हाळ्यात त्यातली काही मुलं घेऊन मी त्या घरी जाते, मोजायला लावते, भांडायला लावते. खाली सांगितलंय ते तिथं वापरून बघितलेलं आहे. उदाहरणं आमच्या घराची आहेत, पद्धत कुठल्याही घराला चालेल.

आधी दुसऱ्याच्या दारात

मिस्तरीच्या घरी थेट जाऊ नका. आधी त्याने गावात केलेली दुसऱ्यांची कामं बघून घ्या. देशमुखांचा वाडा, मारुतीच्या देवळाचा सभामंडप, एखाद्या सावकाराची माडी, जे काही त्याच्या नावावर सांगितलं जातं ते. तिथं मालकाची हौस असते आणि मालकाचाच पैसा. मिस्तरीचा फक्त हात दिसतो. स्वतःच्या घरात हात तोच असतो, पण हौस कुणाची आणि पैसा कुठला, हे प्रश्न नव्याने पडतात. दोन्हींतला फरक म्हणजेच तो माणूस. एकटं घर बघून हा फरक दिसणार नाही.

वाड्यात गेल्यावर नक्षीचे फोटो काढत बसू नका, ते गावातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत. तीन गोष्टी टिपा. खांबाखांबातलं अंतर, म्हणजे खण किती. दाराची रुंदी-उंची. आणि खांबांवरच्या नक्षीचे प्रकार, म्हणजे कुठं कमळ, कुठं केळफूल, कुठं नुसती पैलूदार कड. एवढं वहीत आलं की मिस्तरीच्या घराकडे निघा.

सोबत काय, वेळ कुठली

मार्च-एप्रिलच्या सकाळी जा. पावसाळ्यात माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, भिजून जड झालेलं असतं, गवत वाढलेलं असतं, त्यात विंचू नि साप. मे महिन्यात दहा वाजेनंतर मुलांचं लक्ष फक्त पाण्याच्या बाटलीवर राहतं.

टेप, ओळंबा, सुतळी, खडू, चांगली टॉर्च, हातातला आरसा, दोन-चार उदबत्त्या आणि रेघा नसलेली वही. आरसा तुळईची वरची बाजू नि कपाराची आतली बाजू बघायला. उदबत्ती कशाला ते पुढं येतंय. ज्यांचं घर आहे त्यांची परवानगी तर घ्याच, पण काय बघणार आहात तेही आधी सांगा. ‘घर मोजायचंय’ म्हटलं की भाऊबंदांच्या पोटात गोळा येतो, वाटणीला कुणी आलंय असं वाटतं. आमच्या घराच्या मागच्या खणात नाना, म्हणजे माझे चुलते, कडबा ठेवतात. त्यांना मी पहिल्यांदाच सांगितलं की कागदावर सही कुणाची घेणार नाही. मग चहा आला.

माळवदावर चढू नका. कुणी कितीही म्हणू द्या, ‘काही होत नाही, आम्ही वाळवणं घालायचो की.’ तेव्हा दरसाल पांढरी माती पडायची, कड्या, म्हणजे छताची आडवी लाकडं, तपासल्या जायच्या. आता वीस-पंचवीस वर्षं कुणी फिरकलेलं नसतं.

बाहेरून: जोतं, दार, पाणी

बाहेरून घराला एक फेरी मारा आणि पावसाचं पाणी कुठून पडून कुठं जातं तेवढंच शोधा. आपल्याकडं जमीन काळी, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून जाणता मिस्तरी पाया मुरूम लागेपर्यंत नेतो आणि छतावरचं पाणी जोत्यापासून लांब फेकतो. माळवदाचा उतार कुठल्या बाजूला आहे, पन्हळी किती बाहेर आल्यात, खाली दगड अंथरलाय का, हे बघा. आमच्या घराच्या पन्हळी हातभर बाहेर आहेत आणि सगळ्या एकाच बाजूला, गल्लीकडं नाही, स्वतःच्या परसात. शेजाऱ्याशी पाण्यावरून तंटा नको असणारा माणूस म्हणा, किंवा परसातल्या लिंबाच्या झाडाला पाणी हवं असणारा. दोन्ही लिहून ठेवा.

मग गणेशपट्टी. शक कोरलेला असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन निघतो. वर्षाच्या शेवटच्या दोन-अडीच महिन्यांसाठी ७९. आमच्या दारावर ‘शके १८५१’ आहे, म्हणजे १९२९-३०. हैदराबादला निजाम मीर उस्मान अलींचं राज्य, व्यवहारात हाली शिक्का, म्हणजे निजामाचं नाणं. कागदपत्रांत हेच वर्ष फसली, म्हणजे महसुली, सनात येतं. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी एक जास्त. दारावरचा शक म्हणजे सगळ्या घराचं वय असं मात्र धरू नका. दार आधीच्या घरातलं असू शकतं, आणि सुतार माणूस चांगलं दार कधीच टाकत नाही.

त्याचा गज शोधा

आता मोजायला लागा. हा भाग मुलांना आधी कंटाळवाणा वाटतो आणि नंतर यातूनच उठत नाहीत.

जुना मिस्तरी फूट-इंचात विचार करत नव्हता. त्याच्याकडं लाकडी गज असायचा, गजाचे २४ तसू. गजाची लांबी मात्र सगळीकडं सारखी नव्हती, भागाभागात फरक पडायचा. म्हणून पुस्तकातला आकडा घेऊन घर मोजण्यापेक्षा घरातूनच त्याचा गज बाहेर काढायचा. ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात त्या सगळ्या इंचात मोजून खाली मांडा. खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत, दाराची रुंदी, कोनाड्याची रुंदी, पायरीची उंची, जोत्याची उंची. मग बघा, कुठल्या एका आकड्याच्या पटीत, अर्ध्यात किंवा तसूत सगळे बसतात.

आमच्याकडं खण ८१ इंच आला. मुख्य दार साडेचाळीस इंच रुंद. कोनाडे साडेतेरा इंच. पायऱ्या नऊ इंच उंच. मुलं बराच वेळ फळ्यावर खडूने भागाकार करत होती. मग एकीने ओरडून सांगितलं, ‘मॅडम, सत्तावीस!’ ८१ म्हणजे तीन गज, दार दीड गज, कोनाडा अर्धा गज, पायरी आठ तसू. देशमुखांच्या वाड्यातला खण १०८ इंच होता, म्हणजे बरोबर चार गज. तोच गज हातात घेऊन माणूस दोन्ही ठिकाणी उभा होता. तोंडी सांगितलं जात होतं ते टेपने पक्कं झालं. आणि हेही कळलं की स्वतःच्या घराला त्याने खणामागं एक गज कमी केला. लाकूड वाचलं, खोल्या लहान झाल्या.

मोजताना जुन्या घरात अर्धा-पाऊण इंच इकडंतिकडं होणारच, लाकूड आक्रसतं, भिंत फुगते. आकडे गोळाबेरीज करून जुळवू नका, आलेले तसेच लिहा.

गज सापडला की खरं काम सुरू होतं. कारण आता जे गजात बसत नाही ते उठून दिसायला लागतं. एखादं माप गजात बसत नसेल तर बहुतेक वेळा तीनांपैकी एक कारण असतं. ते काम नंतर दुसऱ्या कुणी केलंय, किंवा लाकूड दुसरीकडचं आणून बसवलंय, किंवा ते माप गजावरून न घेता माणसाच्या अंगावरून घेतलंय. तिसरं सापडलं तर तुमचा दिवस सार्थकी लागला.

स्वयंपाकघरातलं फडताळ आमच्याकडं असं निघालं. त्याची वरची फळी जमिनीपासून ४९ इंचांवर आहे. ना गजात, ना अर्ध्या गजात. वाड्यातल्या फडताळाची वरची फळी ५४ वर, म्हणजे नेमकी दोन गज. जोड बघावा तर हात तोच, नंतरची दुरुस्ती नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या आत्याला विचारलं. ती हसली. ‘अगं, पंजी लई ठेंगणी होती. खांद्याच्या वर हात गेला की डबा अंगावर पाडायची.’

ढेळजेतले चार खांब

आमच्या घराची ढेळज, म्हणजे मुख्य दाराच्या आतली बसायची जागा, घराच्या मानाने मोठी आहे. आणि तिथले चार खांब एकमेकांशी जुळत नाहीत. एकावर कमळाची पाकळी, दुसऱ्यावर केळफूल, तिसरा अष्टपैलू आणि वर बारीक दोऱ्याची कड, चौथा अगदी साधा, नुसता रंधा मारलेला. बघणारे म्हणायचे, उरलंसुरलं लाकूड लावलं असेल, सुताराच्या घरी आणखी काय होणार.

जुळत नसलेली गोष्ट दिसली की तिला गरिबी म्हणून सोडून देऊ नका. आधी तपासा. टॉर्च खांबाला जवळजवळ चिकटवून तिरपी धरा. समोरून उजेड पडला तर लाकूड सपाट दिसतं, तिरपा पडला की हत्याराचा एकेक घाव उभा राहतो. वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव खोलगट, शिंपल्यासारखे दिसतात. रंध्याने ते निघून जातात. चारही खांबांवर पुढून आणि मागून, दोन्हीकडं रंधा फिरलेला आहे. मागची बाजू भिंतीकडं असून. चारही सागवानी, एका जाडीचे, खांबाखालचे दगड, म्हणजे तळखडेही, एका मापाचे. उरलेलं लाकूड असं नसतं.

मग वही उघडा, वाड्यात टिपलेली नक्षी काढा. वाड्याच्या सोप्यातले सगळे खांब केळफुलाचे. सभामंडपातले अष्टपैलू, तीच दोऱ्याची कड. गल्लीतल्या दोन घरांत साधे. कमळाचा मात्र गावात एकही सापडला नाही, आणि माझ्या मते तो सगळ्यांत महाग पडत असणार. ढेळजेत बसलेल्या गिऱ्हाइकाने समोर बघायचं आणि सांगायचं, त्या दुसऱ्यासारखा करा. घर होतं तसंच दुकानही होतं. हे कुणी मला सांगितलेलं नाही, घरातही कुणाला माहीत नव्हतं. पण चार खांब, गावातली तीन कामं आणि दोन्हीकडून मारलेला रंधा एकत्र ठेवले तर दुसरं काही पटत नाही.

तो स्वतः कुठं बसायचा तेही ढेळजेतच शोधा. जमिनीला टेकून बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर खांब न्याहाळा. पान खाणारा माणूस चुन्याचं बोट कुठंतरी पुसतो. आमच्या तिसऱ्या खांबाच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, चुन्याच्या पुटावर पुटं बसलेली आहेत, काळपट पडलेली. शेजारच्या कोनाड्यात पानाचा डबा बसेल एवढी जागा. तिथं टेकून बसा. समोर दार सरळ दिसतं, डावीकडं ओट्याची कड आणि तिच्यावर हत्याराला धार लावून लावून झिजलेली खाच. उजेड पूर्वेकडून, हातावर सावली न पाडणारा. सकाळचं काम त्याने कुठं केलं असेल याबद्दल वाद उरत नाही. अशा जागी पाच मिनिटं तरी बसून राहायचं, उभ्याउभ्या फिरून हे कळत नाही.

आत: जिथं कुणी बघणार नव्हतं

माजघरात शिरलं की सगळं बदलतं. नक्षी नाही. कड्यांवर वाकसाचे घाव तसेच, रंध्याचा पत्ता नाही. कड्या बाभळीच्या नि लिंबाच्या, म्हणजे कडुनिंबाच्या. सागवान आपल्या भागात किनवट-माहूरकडून यायचं, महाग पडायचं, ते त्याने ढेळजेत संपवलं. काही तुळयांवर रिकामी चौकोनी भोकं दिसतील, ज्यात आज काहीच बसलेलं नाही. ते लाकूड आधी दुसऱ्या कुठल्या तरी घरात होतं. भोकांतलं अंतर मोजा. आमच्याकडं एका तुळईवरची भोकं त्याच्या गजात बसतच नाहीत. म्हणजे ती त्याच्याही आधीच्या, दुसऱ्या कुणा मिस्तरीच्या कामाची. कुणाच्या पडक्या घरातून घेतली असेल.

जोडांजवळ बारीक रेघा कोरलेल्या दिसतील, एक, दोन, तीन, कधी फुली. खाली जमिनीवर जुळवून बघितलेला सांगाडा वर चढवताना कुठला खांब कुठल्या तुळईखाली जायचा त्याच्या त्या खुणा. रेघा क्रमाने सापडल्या तर सांगाडा हललेला नाही असं समजा. मधली एखादी सापडली नाही तर त्या जागी बदल झालाय.

बळदं विसरू नका. भिंतीत धान्य साठवायची जागा, खालून काढायचं तोंड. शेतकऱ्याच्या घरात एक-दोन मोठी असतात. आमच्याकडं लहान-लहान पाच आहेत. बलुतेदाराला अनेक घरांतून थोडं-थोडं धान्य यायचं, ज्वारी, तूर, करडई, कुणाचं चांगलं, कुणाचं किडकं. एकात ओतून कसं चालेल? घराचं उत्पन्न कसं यायचं ते या पाच तोंडांवरून जेवढं कळतं तेवढं वहीखात्यातून कळलं नसतं, आणि वहीखातं त्यांच्याकडं नव्हतंच.

उदबत्ती आता काढा. दुपारी बारा-एकच्या सुमाराला चुलीपाशी लावा आणि धूर कुठं जातो बघा. माळवदाला उजेडासाठी नि धुरासाठी साणं ठेवलेलं असतं. आमच्याकडं धूर सरळ वर न जाता आधी माजघराच्या दाराकडं ओढला जातो नि मग साण्यातून निघतो. बाहेर बेचाळीस अंश असताना त्या वाटेवर बसलं की अंगाला वारा लागतो. त्याच पट्ट्यात पाळण्याच्या कड्या आहेत. छताला, शेजारीशेजारी, दोन जोड्या. बाळंतिणींची नि बाळांची जागा त्याने वाऱ्याच्या वाटेवर ठरवली. किंवा पंजीने ठरवून घेतली. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

किल्लारीच्या आधीचं, नंतरचं

लातूर-धाराशिवकडच्या कुठल्याही घरात एक मोठी रेघ ओढावी लागते: ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आत भूकंप झाला. सुमारे ८,००० माणसं गेली. भिंती दोन-अडीच हात जाड, पण आतला नि बाहेरचा असे दगडांचे दोन वेगळे थर, मधे माती, दोघांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर दरसाल चढत गेलेली माळवदाची माती. भिंती फुटून बाहेर-आत पडल्या आणि वरचा बोजा खाली आला.

आमचं गाव किल्लारीपासून लांब, तरी उत्तरेकडची भिंत गेली. पण तिथला खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला. माळवदाचा भार भिंतीवर नव्हता, खांबांवर होता. सगळीकडं असं झालं नाही, आणि लाकडी सांगाड्याचं घर म्हणजे बिनघोर असा अर्थ काढू नका. घर बघताना मात्र हे तपासाच: तुळईचं टोक भिंतीत घुसलंय की भिंतीला चिकटून उभ्या केलेल्या खांबावर टेकलंय? दुसरं असेल तर मिस्तरीने लाकूड जास्त घातलं, भिंतीवर विसंबला नाही.

भूकंपानंतर घाबरलेल्या लोकांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले. त्यामुळं पत्रा, लोखंडी अँगल, सिमेंटचा गिलावा, विटांचा पडदा दिसला की बहुतेक ते रेघेच्या अलीकडचं. वहीत जुनं काळ्या पेनाने, नंतरचं लाल पेनाने काढा. लाल भागावर नाक मुरडू नका. आमच्या नानांनी पत्र्याखाली जुन्या कड्या तशाच ठेवल्यात, पाडायचे पैसे नव्हते म्हणून. त्यामुळंच मला रेघा मोजायला मिळाल्या.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं

‘पंजोबा कसे होते?’ असं विचारलं की उत्तर एकच येतं: ‘देवमाणूस होते.’ पुढं काही नाही. वस्तूला धरून विचारा. ही कडी कशाची? इथं काय टांगायचे? पाणी कुठून आणायचा, कुठं ठेवायचा? रात्री दार कोण लावायचं? पाहुणे आले तर बायका कुठून जायच्या?

मी ढेळजेची रुंदी घेत होते तर आत्या काठी टेकत आली. ‘काय मोजायलीस गं सकाळधरनं?’

‘पंजोबांची बसायची जागा बघायले, आत्या.’

‘बसायची? बसायचे कुठं ते. पुढं लाकूड, मागं गिऱ्हाईक. आमाला त्या दारातनं जायची सोयच नव्हती. परसातनं जा, परसातनं या.’

मागच्या भिंतीत एक छोटं दार आहे, ते का ठेवलं असेल यावर मुलांनी तीन तर्क लढवले होते. एकही बायकांच्या वाटेचा नव्हता. वर्गात मुलीही होत्या, तरी.

म्हाताऱ्या माणसाला घरात हिंडवत विचारता आलं तर उत्तम. बाजेवर बसून आठवत नाही, उंबऱ्यावर पाय पडला की आठवतं. दोन जणांचं सांगणं जुळलं नाही तर भांडण लावू नका, दोघांचं लिहा, नावापुढं वय लिहा. घर झालं तेव्हा ती व्यक्ती जन्मली होती का, हा हिशेब घरी येऊन करायचा.

कागद

थोडक्यात सांगते, कारण सुताराच्या घराचे कागद फारसे नसतातच. ग्रामपंचायतीत कर आकारणीचा नमुना ८ असतो, त्यात घर कुणाच्या नावावर नि कशाचं बांधकाम ते येतं. १९५४-५५चं खासरा पत्रक जमिनीचं आहे. मिस्तरीच्या नावे इनामाचा किंवा विकत घेतलेला तुकडा होता का, ते तिथं कळू शकतं. त्याआधीचे कागद उर्दूत नि मोडीत सापडतात, वाचणारा माणूस आधी शोधून ठेवा. जास्त कागद मिळतात ते ज्यांच्यासाठी त्याने काम केलं त्यांच्याकडं. देवळाच्या जमाखर्चात मिस्तरीला किती दिले याची ओळ असू शकते. विचारायला संकोचू नका.

वहीत उतरवताना

नकाशा काढा, १:५० पुरतं. मग त्या माणसाबद्दल वाक्यं लिहा, पण प्रत्येक वाक्यापुढं तीनपैकी एक खूण हवी: दिसलं, ऐकलं, वाटलं. ‘त्याचा गज २७ इंचांचा होता’ हे दिसलं. ‘पंजी ठेंगणी होती’ हे ऐकलं. ‘ढेळज म्हणजे नमुन्यांचं दुकान’ हे वाटलं, भरपूर आधार असलेलं, तरी वाटलंच. ‘फडताळ पंजीच्या मापाने केलं’ यात तिन्ही आहेत, म्हणून ते वाक्य मला सगळ्यांत आवडतं. ‘तो थोर कलावंत होता’ अशी वाक्यं मुलं लिहून आणतात. मी त्यांना विचारते, कुठल्या खांबावर?

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. देवघराचं दार इतकं बुटकं आहे की उभ्याने आत जाता येत नाही, वाकूनही डोकं लागतं. माप गजात चोख बसतं, दीड गज. मुद्दाम वाकायला लावायचं होतं म्हणावं तर वाड्यातल्या देवघराला असं नाही. लाकूड कमी पडलं म्हणावं तर चौकट घरातली सगळ्यांत जाड आहे. ही ओळ वहीत कोरीच आहे. तुमच्याही वहीत अशा दोन-चार राहतील, त्या भरायची घाई करू नका.

घर पाडायचंच ठरलं असेल तर क्रम उलटा करा: नकाशा नंतर, आधी जोड. खांब उतरवण्यापूर्वी प्रत्येक खांबाला नि तुळईला ऑइलपेंटने आकडा घाला, तोच आकडा कागदावरच्या कच्च्या आकृतीत घाला. उतरवताना कुसवांचे, म्हणजे भोकात बसणाऱ्या लाकडाच्या टोकांचे, आणि भोकांचे फोटो टेप शेजारी ठेवून काढा, उभं असताना ते कधीच दिसत नाहीत. हत्यारं कुठं गेली ते भावकीत विचारा, गज बहुतेक वेळा कुणाच्या तरी माळ्यावर केरसुणीच्या दांड्यासारखा पडलेला असतो. जुनी दारं-खांब विकत घेणारे लोक पाडापाडीची बातमी लागली की दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन हजर होतात, रोख पैसे देतात आणि मोजायला वेळ देत नाहीत. त्यांच्या आधी टेप घेऊन पोहोचा.